काश्यप गोत्राचे पाहुणे

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे आणि मान्यवर, आजच्या सोहळ्याचे सत्कारमूर्ती आदरणीय नृसिंहराव नेसरीकर सर, आमच्या छापखान्याचे मालक अप्पासाहेब, सरांचे आजी-माजी विद्यार्थी, गडहिंग्लजहून दोन एस.टी. गाड्या भरून आलेले पावणं, खिडकीत चढून बसलेले आणि ‘आवाज येत न्हाय’ म्हणून मघापासून ओरडणारे बंधुजन, आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसलेल्या सरांच्या मातोश्री, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आक्का, ह्या सर्वांना माझा सविनय आदाब आणि नमस्कार.

येतोय का आता आवाज? येतोय. यायलाच पाहिजे. छापखान्यात मशीन धडधडत असताना पलीकडच्या माणसाला हाक मारणाऱ्याचा गळा आहे हा.

मी कुतुबुद्दीन अत्तार. अप्पासाहेबांच्या छापखान्यात एकतीस वर्षं खिळे जुळवतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, छापायचं प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा असतो. तो एकेक उचलून ओळीत लावायचा, ओळींची पानं करायची, म्हणजे मग तुमच्या घरात लग्नपत्रिका येते, वर्तमानपत्र येतं, आणि नको असताना निवडणुकीचं पत्रकही येतं. मी कधी भाषण केलेलं नाही. पण ह्या गावात गेल्या तीस वर्षांत जेवढी मानपत्रं दिली गेली, त्यातली निम्मी माझ्या हाताखालून गेलीत. ‘आपल्या कार्याचा सुगंध दशदिशांत दरवळो’ हे वाक्य मी इतक्यांदा जुळवलंय, की आमच्याकडचे ‘द’ झिजलेत. तेव्हा आज चांगलंच भाषण होईल अशी माझी स्वतःची समजूत आहे. अध्यक्ष महाराजांनी घड्याळ बघितलं तरी मी ते बघितलं नाही असं धरून चालावं.

तर मंडळी, आजची निमंत्रणपत्रिका मीच जुळवली. तिच्यात तीन गोष्टी छापल्यात: सत्कार, ग्रंथप्रकाशन आणि चहापान. सत्कार झाला. सरांना फेटा कसा शोभतोय ते तुम्ही बघताच आहात. चहा होणार, आल्याचा वास इथवर पोचलाय. मग मधला ग्रंथ कुठे गेला? मघापासून तुमची कुजबूज चाललीय ती मला काय कळत नाही व्हय? टेबलावर बघाल तर फुलदाणी आहे, पाण्याचा तांब्या आहे, ग्रंथ नाही. काल सर मला म्हणाले, “कुतुबभाई, तो का नाही, हे लोकांना सांगितलं पाहिजे. आणि ते तुम्हीच सांगा.”

सांगतो. समोर साडेतीनशे माणसं असतील. त्यातल्या साडेतीनशेला एक कमी, एवढ्यांना सांगायला मला काडीची भीती नाही. पण एकाच माणसाला सांगायचं म्हटलं की माझा हात त्या पाण्याच्या तांब्याकडे जातो. त्या पहिल्या रांगेत बसल्यात. आक्का, मी तुमच्यापर्यंत येणार आहे. पण जरा वळसा घालून येतो. राग मानू नका.

आता वळसा. इटली म्हणून देश आहे. तिथे रोम शहराचं नाव व्हायच्या आधी एक लोक राहत होते. त्यांना एट्रुस्कन म्हणतात. गावं वसवली, सोन्याचे दागिने केले, देवळं बांधली. रोमच्या लोकांनी त्यांच्याकडून पुष्कळ घेतलं आणि मग त्यांनाच गिळून टाकलं. जगाची रीतच आहे. हे लोक आले कुठून? एक ग्रीक इतिहासकार सांगतो, पूर्वेकडून आले. म्हणे त्यांच्या मुलखात अठरा वर्षं दुष्काळ पडला, तेव्हा भूक विसरायला ते एक दिवस सोंगट्या-फासे खेळायचे आणि एक दिवस जेवायचे. शेवटी राजानं चिठ्ठ्या टाकून निम्मी माणसं जहाजात बसवून पाठवून दिली. दुसरा ग्रीक म्हणतो, छट्, सगळं खोटं, ते तिथलेच. दोन विद्वान, दोन मतं. कोल्हापुरात असते तर चार झाली असती.

आणि गंमत पुढेच आहे. ह्या लोकांची अक्षरं वाचता येतात. हे ‘अ’, हे ‘क’, सगळं लागतं. थडग्यांवर लिहून ठेवलंय, आरशांवर लिहून ठेवलंय. उजवीकडून डावीकडे लिहायचे, आमच्या उर्दूसारखं. मोठ्यानं वाचा, वाचता येतं. पण अर्थ? नावं कळतात, बापाचं नाव, आईचंसुद्धा नाव लिहायचे बिचारे, असले चार-दोन शब्द कळतात. बाकी अंधार. ती भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेच्या नात्यातली नाही. मला ह्याचं फार नवल वाटलं नाही. मीही एकतीस वर्षं न कळणारे मजकूरच अचूक जुळवत आलोय. आमच्या शिक्षणखात्याची परिपत्रकं बघा.

हे असलं वेड नेसरीकर सरांना लागलं. शाळेत सर इतिहास शिकवायचे. तुम्ही त्यांचे विद्यार्थी, तुम्हाला सांगायला नको, सरांचा एकच शब्द ठरलेला: “पुरावा?” पोरगं म्हणायचं, “सर, काल ताप आला होता.” “पुरावा?” “सर, शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले.” “पुरावा?” असा माणूस. सत्तेचाळीस सालच्या दिवाळीच्या सुट्टीत सर मुंबईला गेले. तिथे एका मोठ्या ग्रंथालयात एक जाडजूड परदेशी पुस्तक होतं, त्यात एका थडग्यावरच्या लेखाचं चित्र होतं. पुस्तक बाहेर न्यायची बंदी. मग सरांनी पतंगासारखा पातळ कागद चित्रावर ठेवून लेख शाईनं गिरवून घेतला. चार ओळी. घडी न घालता, नळी करून, छातीशी धरून कोल्हापूरपर्यंत आणला.

त्याच चार ओळींनी घात केला. सर तो लेख उजवीकडून डावीकडे वाचायला बसले आणि वाचता वाचता ताडकन उठले. शब्द ओळखीचे वाटायला लागले. कुठले? त्यांच्या आईच्या तोंडचे. आक्कांचं माहेर गडहिंग्लजच्या खालच्या अंगाला, घरात कानडी. त्या चार ओळींत सरांना सात कानडी शब्द सापडले. मग आणखी सापडले. शोधणाऱ्याला काय, सापडतच जातात. अकरा वर्षांत दोनशे पानांचा ग्रंथ तयार झाला. सार एवढंच, की इटलीतले ते प्राचीन लोक आपल्या दक्षिणेकडच्या भाषेचे भाऊबंद.

बातमी फुटली. गडहिंग्लजच्या आकारामबापूंनी, हे बघा तिसऱ्या रांगेत हात जोडतायत, बापूंनी तर एस.टी. स्टँडवर पाटी लावायची ठरवली होती: ‘एट्रुस्कनांचे माहेर’. कशीबशी थांबवली. गेली दोन वर्षं भाषावार प्रांतरचनेचे दिवस. कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकानं मला खांदा धरून विचारलं, “कुतुबभाई, ते लोक कानडी निघाले तर इटली म्हैसूर राज्यात जाईल की!” त्याला म्हटलं, तू चहा पी. आमच्या गल्लीतल्या तालमीत सरांनी एकदा एका एट्रुस्कन थडग्याच्या भिंतीवरचं चित्र दाखवलं, दोन पैलवान भिडलेत असं. वस्तादांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “डावीकडचा पडतोय बघा. पाय मोकळा सोडलाय त्यानं.” अडीच हजार वर्षं तो उभा आहे, पण वस्तादांनी त्याला पाडला.

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. ग्रंथाची छपाई आमच्याकडे आली. मी स्वतः जुळवला. दोनशे पानं, हस्तलिखिताबरहुकूम, मक्षिकास्थाने मक्षिका. आमच्या धंद्याचा हाच कायदा आहे. लेखकानं दोन आणि दोन पाच लिहिलं तर आम्ही पाच जुळवतो. शहाणपणा करायचा नाही.

पंधरा दिवसांपूर्वी शेवटच्या फर्म्याला, म्हणजे एकदम छापायच्या पानांच्या जुळणीला, चित्रांचे दोन ठसे आले. एक, त्या लोकांच्या अक्षरमालेचा तक्ता. दुसरा, त्या चार ओळींचा लेख. दोन्ही जस्ताचे, मी शेजारी-शेजारी बसवले. मला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मंडळी, खिळे जुळवणारा अर्थ बघत नाही. तो अक्षरांची तोंडं बघतो. कुठलं अक्षर कुठे तोंड करून उभं आहे, एवढंच आमचं पोटापाण्याचं ज्ञान. आणि मी बघतोय तर तक्त्यातली सगळी अक्षरं एकीकडे तोंड करून, आणि लेखातली सगळी अक्षरं त्यांच्याकडे पाठ फिरवून. रुसल्यासारखी. म्हटलं ही काय भानगड?

ठसा करणाऱ्यानं घोळ घातला असेल म्हणून मी सरांचा मूळ कागद मागवला. तो पुठ्ठ्यावर चिकटवलेला. तो हातात घेतला तर त्यातही तसंच. भिंग लावून बघितलं. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं दिसलं. खळीनं पुसट झालेलं, कुणालाही डागच वाटेल. मी भिंगातून वाचलं. स्वच्छ वाचलं: ‘ही बाजू वर’. बरं वाटलं. म्हटलं, चला, बाजू बरोबर आहे. सरांनी स्वतः लिहिलंय.

आणि दुसऱ्याच क्षणी मी भिंग खाली ठेवलं.

का ठेवलं, ते नीट ऐका. शिशाच्या खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. उलटं असतं म्हणून कागदावर सुलटं उठतं. एकतीस वर्षं मी दिवसाचे दहा तास उलटं वाचतोय. मला आता सुलटं वाचताना अडखळायला होतं. घरी वर्तमानपत्र वाचायला घेतलं की आमची मदिना म्हणते, “ते पोराकडं द्या, तुम्हाला वेळ लागतोय.” आणि ते पेन्सिलीचं अक्षर मी एका दमात वाचलं. मला जर ते इतकं सरळ वाचता आलं, तर ते उलटंच असलं पाहिजे!

शेजारच्या केशकर्तनालयातून आरसा आणला. धरला. आरशात ‘ही बाजू वर’ सुलटं. म्हणजे जी बाजू वर पाहिजे होती, ती खाली खळीत. कागद पालथा चिकटवलेला. पातळ कागद, शाई दोन्हीकडून दिसते, कळणार कुणाला? सर अकरा वर्षं तो लेख उजवीकडून डावीकडे वाचत होते, नियमाप्रमाणे. पण कागदच पालथा, म्हणजे ते प्रत्येक शब्द शेपटाकडून वाचत होते. सगळे कानडी शब्द शेपटाकडून आलेले.

हसा, हसा. मीही हसलो असतो. पण हातातल्या पुठ्ठ्याकडे बघता बघता मला आठवलं, की हा पुठ्ठा आमच्याच छापखान्यातला आहे. खळ आमचीच आहे. सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर सर नळी घेऊन आले होते आणि म्हणाले होते, “कुतुबभाई, माझ्या हातानं सुरकुत्या पडतील, तुमचा हात चांगला.” मी ऐटीत कागद उचलला, कोपऱ्यातलं ‘ही बाजू वर’ वाचलं, मला अगदी सरळ दिसलं ते, आणि खळ लावून चिकटवला. दुसऱ्या कुणीही, अगदी दुसरीतल्या पोरानंही चिकटवला असता, तरी तो बरोबर चिकटला असता. ही चूक फक्त चांगल्या खिळे जुळवणाऱ्याच्या हातूनच होऊ शकते. तेवढंच माझं समाधान.

आमचे अप्पासाहेब इथेच बसलेत, त्यांच्यासमोर सांगतो. मी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, “कुतुब, गप बस. छापून टाक. वाचणार कोण हाय ते?” अप्पासाहेब, मान हलवू नका, म्हणालात तुम्ही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. निमंत्रणं गेलेली, पुण्याहून अध्यक्ष यायचे, म्हाताऱ्या मास्तराचं मन मोडायचं कशाला? मलाही दोन दिवस तेच बरं वाटलं. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी मदिनानं ताट पुढं ढकललं आणि विचारलं, “चूक तुमची आणि पुस्तकावर नाव सरांचं. पुढं कुणी परक्यानं ओळखलं, तर हसं कुणाचं व्हायचं?” बायका फार वाईट प्रश्न विचारतात हो.

सर शेवटचं प्रूफ बघायला दुपारी आले. मी सांगितलं. सर म्हणाले, “पुरावा?” अकरा वर्षांचा इमला कोसळतोय आणि माणूस विचारतो, पुरावा! मी आरसा पुढे धरला. सरांनी वाचलं. आरसा स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “माझंच अक्षर आहे.” आणि कागदाच्या गठ्ठ्यावर खाली बसले.

मी म्हटलं, “सर, चिकटवला मी होता. तुमची अकरा वर्षं मी घालवली. मला काय बोलायचं ते बोला.” वाटलं होतं, एक थोबाडीत देतील. दिली असती तर सोपं झालं असतं. सर चष्मा काढून म्हणाले, “कुतुबभाई, तुम्ही तो कागद एकदा बघितला. मी अकरा वर्षं रोज बघितला. अक्षरांची तोंडं फिरलेली मलाही दिसली होती. तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? तळटीप लिहिली. ‘ह्या लेखाचा कोरणारा स्वतंत्र वृत्तीचा असावा.’ पोरांना जन्मभर पुरावा विचारला, स्वतःला विचारला नाही.” असं म्हणून हा माणूस हसायला लागला. मी रडायला लागलो. आमचा मशीनमन दोघांकडे बघून बाहेर निघून गेला.

“चार-दोन पानं बदलून छापू,” असं मी म्हटलं. सर म्हणाले, “नको. चुकीचं छापलं की पुढचा कुणीतरी त्याच्यावर माडी चढवतो.” मग जुळवलेला ग्रंथ मोडायचा. म्हणजे दोनशे पानांतला एकेक खिळा सुटा करून आपापल्या घरात परत टाकायचा. सर म्हणाले, “मीही करणार.” तीन दिवस बाह्या सारून माझ्या शेजारी स्टुलावर बसले. आपलीच वाक्यं, एकेक अक्षर करून टाकत होते. मधेच एखादी ओळ हातात धरून म्हणायचे, “ही बरी जमली होती, नाही?” आणि सोडून द्यायचे. नजर अधू, त्यामुळे ‘क’च्या घरात ‘फ’ टाकले. त्या आठवड्यात एक लग्नपत्रिका गेली आमच्याकडून, ‘श्री फुलस्वामिनी प्रसन्न’. ते यजमान इथे असतील तर त्यांना कारण आज कळलं असेल.

तर मंडळी, म्हणून ग्रंथ नाही. आकारामबापू, बसा. उठू नका. तुमचे पाहुणे गेले, मला ठाऊक आहे. हलगीवाले आणलेत, तेही ठाऊक आहे. हलगी वाजवायची आहेच, पण ती सरांसाठी. ग्रंथ लिहिणारे पुष्कळ असतात बापू. लिहिलेला मोडणारा मी एकतीस वर्षांत एकच बघितला.

आता वळसा संपला. आक्का, आता तुमच्याकडे येतो.

सर त्या तिसऱ्या दिवशी शेवटचा खिळा टाकून मला म्हणाले, “सगळ्या गावाला सांगेन. विद्वानांना पत्रं लिहीन. पण आक्काला सांगणं माझ्यानं होत नाही.” मी म्हटलं, आईच ती, काय खाणार आहे? तेव्हा सरांनी सांगितलं ते मी तुम्हा सर्वांना सांगतो. आक्का, सांगू ना? मान हलवली त्यांनी. सांगतो.

आक्का अकराव्या वर्षी लग्न होऊन कोल्हापुरात आल्या. मराठी यायची नाही. नळावर बायका त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसायच्या. तेव्हा त्यांनी कानडी गिळून टाकली. चाळीस-पन्नास वर्षं चारचौघांत एक शब्द काढला नाही. फक्त चुलीपुढे, लेकाशी, तेही हळू आवाजात. आणि मग एके दिवशी लेकानं येऊन सांगितलं, आक्का, तुझी भाषा रोमच्याही आधी तिथे बोलत होते. आक्कांनी आधी विचारलं, “जेवायला काय करायचे रे ते?” आणि दुसऱ्या दिवशी नळावर जाऊन त्या मोठ्यानं कानडी बोलल्या. शेजारणीला म्हणाल्या, “हसतीस काय गं? राजेलोकांची भाषा हाय ही!” तेव्हापासून अकरा वर्षं त्या मोठ्यानं बोलतायत. नळावर, बाजारात, एस.टी.त कंडक्टरशी. सरांना भीती एकच. हे सांगितलं तर आई पुन्हा गप्प होईल.

आणखी एक. सर्वपित्री अमावस्येला आक्का त्या लोकांसाठी एक पान वाढतात. माहेरची माणसं, परमुलखात गेली, त्यांना कोण घालणार, म्हणून. पहिल्या वर्षी भटजींनी विचारलं, “ह्या पानाचं गोत्र काय?” सर म्हणाले, पुरावा उपलब्ध नाही. आक्का म्हणाल्या, “गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात की नाही? मग काश्यप म्हणा आणि पुढं चला.” अशा रीतीनं, अध्यक्ष महाराज, इटलीचे ते प्राचीन लोक अकरा वर्षं कोल्हापुरात काश्यप गोत्रानं जेवतायत. त्यांच्या पानावरची खीर दुसऱ्या दिवशी आमच्याकडेही येते.

आक्का, ते तुमचे नव्हेत. तुमच्या माहेरचे नव्हेत, तुमच्या बोलीचे नव्हेत. कागद पालथा होता, आणि तो मी पालथा केला. सरांची चूक नाही. मला काय बोलायचं ते बोला.

...काय म्हणालात? थांबा मंडळी, शांत बसा जरा. आक्का बोलतायत. ...“यारू इल्ला?” कुणीच नाही का, असं विचारतायत. नाही आक्का. जगात आज ती भाषा बोलणारं कुणी नाही. कळणारंसुद्धा कुणी नाही. कुणाशीच त्यांचं नातं लागत नाही.

...

मंडळी, मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल. गडहिंग्लजच्या पावण्यांना कळलं, ते डोळे पुसतायत, बाकीचे त्यांच्याकडे बघतायत. आक्का उभ्या राहून बोलल्या. साडेतीनशे माणसांत, ह्या माझ्या गळ्यापेक्षा मोठ्यानं, आणि कानडीत बोलल्या. मला येतं तेवढं मराठीत सांगतो. आक्का म्हणाल्या, “माझे असते, तर कुणीही वाढलं असतं त्यांना. ज्यांचं बोलणं समजणारंच कुणी उरलं नाही, त्यांचं पान मी बंद करू होय रे? ह्या वर्षी दोन वाढीन.” आणि सरांकडे बघून म्हणाल्या, “नरसू, वाकडं तोंड करू नकोस. माझी भाषा काय त्यांच्याकडून उसनी आणलेली नव्हती.”

सर, फेटा सरळ करा. सगळे बघतायत.

अध्यक्ष महाराज, माझ्या कागदावर अजून दीड पान आहे, आणि ते फार सुंदर जुळवलंय, पण आता ते राहू द्या. आपण पुण्याहून आलात, मान्यवरांनी वेळ काढला, गडहिंग्लजकरांनी दोन एस.टी. गाड्यांचे हाल सोसले, अप्पासाहेबांनी मला नोकरीवरून काढलं नाही, आणि माझ्यासारख्या माणसाचं तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, ह्या सगळ्याबद्दल मी ऋणी आहे. शेवटी काही चुकलं असल्यास सांभाळून घ्यावं, असं म्हणायची पद्धत आहे. मी ‘असल्यास’ म्हणणार नाही. चुकलं आहे, माझ्याच हातानं चुकलं आहे. सर, पोटात घाला.